लग्नविशेषांक आणि डिंकाचे लाडू

सोमवारी दुपारी दोन वाजता श्यामलाताईंनी हात धुतले, टॉवेलला पुसून अगदी कोरडे केले, चष्मा लावला आणि पँट्रीतलं सगळ्यात वरचं कपाट उघडलं. तिथे डबा नव्हता.

पोह्यांची बरणी होती, न वापरलेल्या इडलीपात्राचा खोका होता, ख्रिसमसला कुणीतरी दिलेला बिस्किटांचा टिन होता. पसरट डब्याच्या जागी मात्र फक्त धुळीचा गोल उमटलेला होता.

"अहो," त्यांनी बाहेर हाक मारली. आवाज शांत ठेवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. "इथला पुरणपोळ्यांचा डबा पाहिलात का?"

पद्माकरराव सोफ्यावर क्रिकेट बघत होते. "दीप्तीचा ना? तो दिला की मी तिला. शनिवारी डँडेनॉन्गला किराण्याला गेलो होतो तेव्हा."

"दिला?"

"तूच मागे लागली होतीस. दीप्तीचा डबा द्या, गणपतीपासून आपल्याकडे पडलाय, लोक काय म्हणतील. झाकणावर नाव घातलंय तिचं. दिला एकदाचा."

"आत बघितलंत का?"

"बघितलं ना. तळाला कागद घातला होतास तू. त्यावरूनच ओळखलं मी."

"काय ओळखलं?"

"की भरून द्यायची तयारी करून ठेवलीयस. रिकामा डबा परत करायचा नसतो एवढं मलाही कळतं, श्यामला. मग भरले डिंकाचे लाडू."

हे लाडू श्यामलाताईंनी पद्माकररावांच्या गुडघ्यांसाठी केले होते. पद्माकररावांना डिंकाचे लाडू आवडत नाहीत. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. ते फक्त संधीची वाट बघत होते.

"सगळे?" श्यामलाताईंनी विचारलं.

"बसले तेवढे," पद्माकरराव म्हणाले आणि पुन्हा क्रिकेटकडे वळले.

श्यामलाताई पँट्रीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. तळाला कागद होता हे खरं, पण तो वरून झाकायला घातलेला बटर पेपर. त्याच्या खाली 'आर्वो स्टार्स' या टीव्ही-मासिकाचा लग्नविशेषांक होता. आणि तो चित्रलेखाचा होता.

आता 'वॅराटा टेरेस' कुणाला आठवत नाही, पण एके काळी मेलबर्नच्या दुपारी त्या मालिकेवर चालत. श्यामलाताई लग्न होऊन इथे आल्या तेव्हा ग्लेन वेव्हर्लीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. चार मैत्रिणी होत्या: श्यामला, चित्रलेखा, रेखा आणि शोभा. नवरे कामावर गेले, स्वयंपाक आवरला की सोमवार ते शुक्रवार दोन वाजता चौघी चित्रलेखाच्या घरी टीव्हीसमोर बसत. शेंगा सोलत, स्वेटर विणत, एकमेकींना "काय म्हणाली गं ती?" असं विचारत त्या इंग्रजी शिकल्या. त्यामुळे त्यांचं इंग्रजी जरा नाट्यमय झालं. नळ दुरुस्त करायला दोनदा बोलावूनही न आलेल्या प्लंबरला श्यामलाताईंनी तेव्हा फोनवर "यू विल रिग्रेट धिस, क्लाइव्ह" असं सुनावलं होतं. प्लंबरचं नाव ट्रेव्हर होतं. तो अर्ध्या तासात आला.

मालिकेत एक नियम ठरलेला होता. घरात काहीही हरवलं, मोडलं किंवा मेलं, की त्या वेळी जो खोलीत नसेल त्याच्यावर आळ यायचा. चौघींना हे एवढं पाठ झालं होतं, की एखादी चहा टाकायला उठली तर बाकीच्या म्हणत, "जाऊ नकोस, गुन्हा तुझ्या नावावर जाईल."

डॉक्टर क्लाइव्ह आणि मार्लीन यांचं लग्न कितीतरी वर्षं लांबत लांबत शेवटी एकदा लागलं, आणि नेमक्या त्याच दुपारी श्यामलाताई मुलाच्या, हृषिकेशच्या, जन्माच्या वेळेस हॉस्पिटलात होत्या. दुसऱ्या दिवशी चित्रलेखा डबा घेऊन भेटायला आली आणि तिने सगळं लग्न सांगितलं. रेखाने सांगितलं ते थोडं वेगळं होतं. शोभाच्या सांगण्यात तर एक घोडाही होता. मालिका पुन्हा कधी लागली नाही. पण 'आर्वो स्टार्स'ने लग्नविशेषांक काढला होता, वहीएवढा छोटा, रंगीत, आणि दुकानातला शेवटचा अंक चित्रलेखाने उचलला होता.

चित्रलेखा कुणाला काही देत नसे. तिच्या घरच्या प्रत्येक वाटीवर, पळीवर, अगदी चहाच्या गाळणीवरही नाव घातलेलं होतं. रेखाने एकदा पुरणयंत्र नेलं आणि जाळी जराशी वाकून परत आली, तर चित्रलेखा तिच्याशी बारा-तेरा वर्षं बोलली नव्हती. अशा चित्रलेखाने यंदा, मुलीच्या बाळंतपणाला सिडनीला जाताना, स्वतःहून तो अंक श्यामलाताईंच्या हातात ठेवला होता. "ऊन नको, दमट नको, तेलकट हात नको," एवढंच ती म्हणाली. म्हणून तर श्यामलाताईंनी तो दीप्तीच्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता. तिथे ऊन नव्हतं आणि दमटपणाही नव्हता. रोज दोन वाजता त्या एक पान वाचत. शनिवार-रविवारी वाचत नसत, कारण मालिका शनिवार-रविवारी नसायची. तोच घोटाळा झाला.

शोभा दोन वर्षांपूर्वी गेली. रेखा पर्थला मुलाकडे असते आणि तिला आता माणसं ओळखता येत नाहीत. क्लाइव्ह, मार्लीन आणि दुष्ट ऑंट बेरिल यांच्याबद्दल ज्या बाईशी बोलता येईल अशी पृथ्वीवर चित्रलेखा एकटीच उरली होती. तिने अबोला धरला तर ती सगळी मंडळी श्यामलाताईंच्या डोक्यातच राहणार होती, कोंडल्यासारखी.

त्यांनी दीप्तीला फोन लावला.

"काकू, थँक्यू सो मच," दीप्ती लगेच म्हणाली. दीप्ती मुलाच्या वयाची, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन. तिला खरं कारण सांगणं म्हणजे मेलबर्नभर दवंडी पिटणं होतं. "एवढे लाडू कशाला केले काकू?"

"दीप्ती, ऐक. ते लाडू खाऊ नका तुम्ही. डिंक कच्चा राहिलाय."

"अय्यो."

"तू डबा आहे तसा बाजूला ठेव. उघडू पण नकोस. मी येते आणि घेऊन जाते. दुसरे करून देईन."

"काकू, कच्च्या डिंकाने पोटाला काही होतं का?"

"होतं. म्हणजे होऊ शकतं."

"काकू, मग आता काय करायचं? आम्ही दोघंही डाएटवर आहोत ना, म्हणून मी विचार केला, रुचाची डिलिव्हरी झालीय, बाळंतिणीला डिंकाचे लाडू परफेक्ट. यतिन काल कामासाठी सिडनीला गेला. त्याच्याबरोबर अख्खा डबाच पाठवला. आज सकाळी वेस्टमीडला देऊन आला तो, चित्रलेखा काकूंच्या हातात."

श्यामलाताई खाली बसल्या. जवळ खुर्ची नव्हती म्हणून त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या.

"काकू, आहात ना? तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी आत्ताच्या आत्ता त्यांना मेसेज करते, खाऊ नका म्हणून."

"दीप्ती, नको करूस, अगं..."

"नो वरीज काकू," दीप्ती म्हणाली आणि फोन ठेवला.

श्यामलाताई डोकं धरून बसल्या. मॅच संपली म्हणून पद्माकरराव पाणी प्यायला आत आले आणि बायकोला पोत्यावर बसलेली बघून थांबले. तेवढ्यात फोन वाजला. चित्रलेखाबाई होत्या.

"श्यामला, डिंक कच्चा आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"दीप्तीने. रुचाने सकाळी दोन खाल्लेत आणि बाळ तेव्हापासून रडतंय. जावई म्हणतोय, एक लाडू लॅबमध्ये नेऊन तपासतो. तो तिथेच कामाला आहे, त्याला कशाचीही तपासणी करायला बरंच वाटतं."

"काही तपासू नका. डिंक उत्तम फुललाय. मी स्वतः चुरून बघितलाय."

"मग दीप्ती का असं म्हणाली?"

"तिचा गैरसमज झाला. यांचं पोट बिघडलं ना, त्यावरून."

"कशाने बिघडलं?"

श्यामलाताईंनी पद्माकररावांकडे पाहिलं. "हावरटपणाने. एका बैठकीत सहा खाल्ले."

पद्माकररावांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात त्यांच्यावर बरेच आरोप झाले होते, पण हा नवीन होता.

"तरी मी एकदा बघते," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "फोन स्पीकरवर ठेवते हं. एकेक काढून फोडून बघते."

"वरचे दोन बघ फक्त. खालचे अगदी तसेच आहेत."

"खालचेच बघायला हवेत. वाईट माल माणूस नेहमी खाली भरतो."

"चित्रलेखा, खालचे नको काढूस."

"का गं?"

"तुटतील."

"फोडायचेच आहेत."

ताटलीत लाडू पडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याचा आला. श्यामलाताईंनी डोळे मिटले. प्रत्येक आवाजाबरोबर वरचा थर उतरत होता आणि क्लाइव्ह-मार्लीनचं लग्न जवळ येत होतं.

"सुंदर फुललाय डिंक," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "उगाच घाबरवलं त्या मुलीने. हा तळाला कागद घातलायस का?"

"बटर पेपर आहे."

"जाड लागतोय."

"दुहेरी घातलाय. तूप गळू नये म्हणून. तू हात नको लावूस त्याला, तसाच राहू दे. परत लाडू ठेव त्यावर."

मग बाळाचं रडणं ऐकू आलं, अगदी जवळून, आणि चित्रलेखाबाई म्हणाल्या, "परत उठलं बघ. ठेवते."

एवढंच झालं. तिने पाहिलं होतं की नाही, हे श्यामलाताईंना कळलं नाही. त्यानंतर चित्रलेखाबाईंचा फोनही आला नाही. मंडळाच्या ग्रुपवर बाळाचा फोटो आला, त्याखाली सगळ्यांनी हात जोडले, श्यामलाताईंनीही जोडले. चित्रलेखाबाईंनी सगळ्यांचे नाव घेऊन आभार मानले. श्यामलाताईंचं नाव त्यात नव्हतं.

"आई, तुम्ही सरळ सांगून का टाकत नाही?" मयूरा म्हणाली. मयूरा म्हणजे सून. तिला सांगावंच लागलं, कारण सासूबाई भाजीत दोनदा मीठ घालू लागल्या होत्या. "ॲक्सिडेंट झाला म्हणायचं. लोक समजून घेतात."

"तू पुरणयंत्राचं ऐकलं नाहीस का?"

"मग दुसरी कॉपी शोधू या. नेटवर सगळं मिळतं."

नेटवर सगळं मिळत नव्हतं. मयूराने ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये शोधलं, दोघींनी मिळून शनिवारी आजूबाजूची जुन्या सामानाची सगळी ऑप शॉप पालथी घातली. जुन्या पाककृतींची मासिकं मिळाली, घोड्यांच्या शर्यतीची मिळाली, विणकामाची तर पोत्याने मिळाली. 'आर्वो स्टार्स' एकही मिळाला नाही. शेवटी टास्मानियातला एक माणूस सापडला.

"त्याच्याकडे आहे का?" श्यामलाताईंनी श्वास रोखून विचारलं.

"नाही. तो पण शोधतोय," मयूरा मोबाइलवर वाचत म्हणाली. "तुमच्याकडे लग्नाचा अंक आहे का असं त्यानेच विचारलंय. लिहितोय, वीस वर्षं शोधतोय म्हणे."

श्यामलाताईंनी कबुलीजबाबाची तालीम सुरू केली. मराठीत सुरुवात केली की पहिलं वाक्यच पुरं व्हायचं नाही. इंग्रजीत केली की 'वॅराटा टेरेस'चेच संवाद तोंडी यायचे. एकदा मयूरा कामावरून आली तेव्हा सासूबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या आणि कुकरला सांगत होत्या, "आय कॅन एक्स्प्लेन एव्हरीथिंग. आय नेव्हर मेंट टू हर्ट यू." कुकरने शिट्टी दिली.

मग एका मंगळवारी जेवणं झाल्यावर दारावरची बेल वाजली. पद्माकरराव मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीशी काहीतरी करत होते. श्यामलाताईंनी दार उघडलं. समोर चित्रलेखाबाई उभ्या होत्या. अंगात कडक कॉटनचा कुर्ता होता, केस नीट बांधलेले होते, आणि दोन्ही हातांत, देवाचं ताट धरावं तसा, दीप्तीचा डबा होता.

"ये," श्यामलाताई म्हणाल्या.

"आलेच आहे," चित्रलेखाबाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः त्याच्यासमोर बसल्या. दोघींनी बाळाच्या वजनाबद्दल बोलून घेतलं. सिडनीच्या उकाड्याबद्दल बोलून घेतलं. मग बोलायला काही उरलं नाही. डबा टेबलावर चकाकत होता.

"श्यामला, मला तुला काहीतरी सांगायचंय," चित्रलेखाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. श्यामलाताईंनी तो तसा याआधी कधीच ऐकला नव्हता.

"आधी मी सांगते."

"नाही, आधी मी. नाहीतर मला जमणार नाही. इतके दिवस फोनसुद्धा करवला नाही मला." त्यांनी पदर नसलेल्या कुर्त्याचं टोक बोटांत गुंडाळलं. "तू एवढ्या प्रेमाने मला तो अंक पाठवलास. मुलीच्या घरी करमणार नाही, दिवसभर बाळाचं करून जीव शिणेल, म्हणून. वरून बटर पेपर लावून, लाडवांखाली लपवून. फोनवर किती वेळा म्हणालीस, खालचे काढू नकोस, कागदाला हात लावू नकोस. मला कळायला हवं होतं की तुला मला चकित करायचंय. मी मठ्ठ. मी लाडू परत त्यावर रचले आणि डबा खिडकीत ठेवून दिला. त्या खिडकीत दुपारभर ऊन असतं. सगळं तूप खाली उतरलं."

श्यामलाताईंचं तोंड उघडं राहिलं.

"शेवटचा लाडू उचलताना रुचाने विचारलं, आई हे काय आहे. तोवर सगळं संपलेलं होतं. पानं आरपार दिसायला लागलीत. क्लाइव्ह आणि मार्लीनच्या मध्ये मागच्या पानावरचं वॉशिंग पावडरचं खोकं उभं दिसतं. भटजींच्या जागी." त्यांनी डोळे पुसले. "तू विश्वासाने पाठवलास आणि मी त्याची अशी वाट लावली. तू म्हणशील, ही बाई जगाला पुरणयंत्रावरून बोलते, आणि स्वतः बघा."

त्यांनी डबा पुढे सरकवला. "उघड. रिकामा कसा आणणार होते मी?"

श्यामलाताईंनी झाकण काढलं. आत प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला 'आर्वो स्टार्स'चा पुढचा अंक होता. मधुचंद्राचा अंक. मुखपृष्ठावर क्लाइव्ह आणि मार्लीन एका बोटीत बसले होते आणि मागे, काठावर, ऑंट बेरिल दुर्बीण घेऊन उभी होती.

"हा तुला," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "कायमचा. मी परत मागणार नाही."

श्यामलाताईंनी त्या बोटीकडे पाहिलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. काही न बोलता त्या सज्जन ठरत होत्या, प्रेमळ ठरत होत्या, वर मधुचंद्राचा अंकही मिळत होता. मालिकेत असते तर इथेच संगीत सुरू होऊन भाग संपला असता आणि उद्यापर्यंत विचार करायला वेळ मिळाला असता.

"चित्रलेखा," त्या म्हणाल्या, "मी नव्हता पाठवला."

"म्हणजे?"

"मी तो जपून ठेवला होता या डब्यात. ऊन नको, दमट नको म्हणून. यांनी शनिवारी काही न विचारता त्यावर लाडू भरले आणि दीप्तीला देऊन आले. दीप्तीने तुला पाठवले. डिंक कच्चा-बिच्चा काही नव्हता. मी नुसती घाबरले होते. तू खालचे लाडू काढत होतीस तेव्हा मी तांदळाच्या पोत्यावर बसून रामरक्षा म्हणत होते. मला वाटलं, तू आता कधीच बोलणार नाहीस."

चित्रलेखाबाईंनी हात पुढे केला आणि मधुचंद्राचा अंक हळूच स्वतःकडे ओढला. श्यामलाताईंनी त्याच्यावरचा हात काढून घेतला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनच्या जवळ आला होता.

"म्हणजे तू मुद्दाम नाही पाठवलास," चित्रलेखाबाई शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"आणि तुपात मीही मुद्दाम नाही बुडवला."

"नाहीच."

चित्रलेखाबाईंनी खोलीत चारी बाजूंना नजर फिरवली. सोफा रिकामा होता, टीव्ही बंद होता.

"पद्माकरराव कुठे आहेत?"

"मागे. अंगणात."

"म्हणजे खोलीत नाहीत."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग श्यामलाताईंचे खांदे गदगदू लागले, चित्रलेखाबाईंनी तोंडावर हात धरला, आणि इतक्या दिवसांचं सगळं ओझं हसता हसता टेबलावर सांडलं. हसून झाल्यावर चित्रलेखाबाईंनी खुर्ची टेबलाला वळसा घालून श्यामलाताईंच्या शेजारी आणली, तीनही पिशव्या सोडल्या आणि म्हणाल्या, "हात धुवून ये. आणि चष्मा आण. काय झालं ते सांगते, लग्नात घोडा नव्हता."

दोघी पहिल्या पानावरच्या बोटीत पोचल्या होत्या तेवढ्यात मागचं दार उघडलं. पद्माकरराव मातीचे हात घेऊन आत आले, त्यांनी चित्रलेखाबाईंना नमस्कार केला आणि त्यांची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली.

"अरे वा, आला का दीप्तीचा डबा परत," ते म्हणाले. "बरं झालं. मी उद्या जाणारच आहे डँडेनॉन्गला. काही भरून देऊ का?"

"हात लावू नका," दोघी एकदम म्हणाल्या.

दीप्तीचा डबा अजून ग्लेन वेव्हर्लीतच आहे.